दुसरीच्या टोपलीचा काठ

अठ्ठावन्नाव्या वर्षी मी फारच तरुण होते. शाळेतून निवृत्त होऊन महिना झाला होता, गुडघे शाबूत होते आणि जगाचं भलं कसं करायचं ते मला तोंडपाठ होतं. आता बहात्तरी गाठल्यावर ती पोरगी आठवली, की तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो.

चंद्रपूरच्या बाहेर एका संस्थेचं शेड होतं. बस स्टँडवर, स्टेशनवर झोपणाऱ्यांना तिथं बांबूकाम शिकवायचे आणि मागच्या आठ खोल्यांत राहायला द्यायचे. एका माणसाला एक खोली, एक कुलूप, एक किल्ली. बाहेरून परीक्षक येऊन टोपली पास करेपर्यंत खोली तुमची. पास झालात की प्रमाणपत्र आणि कोयता हातात, खोली पुढच्याला.

मी जायचे हजेरी लिहायला. दोनच दिवसांत कंटाळले आणि कोयता उचलला. आठवड्याभरात चार बोटांना पट्ट्या. शिकवणारे मास्तर म्हणाले, "बाई, बांबू चिरा. सोताले नोका चिरू."

माझ्या शेजारी बसायची ती माझ्याच वयाची. मूळची धानोऱ्याकडची. नवऱ्यामागे माजरीला कोळशाच्या कामावर आली, नवरा गेला, झोपडी गेली, मग पाच-सहा वर्षं बस स्टँडवर काढली. खोलीची किल्ली पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवायची. शेडपासून खोली तीस पावलं, तरी दिवसातून चारदा जाऊन कुलूप ओढून यायची.

"कोण नेते वं तुयं कुलूप?" मी एकदा विचारलं.

"नेत नाई कोनी. हाय का, ते पाहतो."

तिच्या टोपलीचं बूड घट्ट, भिंत सरळ. पण काठ बांधायची वेळ आली की हात थांबायचे. "मले काठ नाई जमत, बाई," म्हणायची आणि कामट्या उसवून पुन्हा बुडापासून सुरू. अशा दोन परीक्षा गेल्या. मास्तर दरवेळी तिला काठ दाखवायचे आणि दरवेळी खाली मान घालून हसायचे. ते का हसतात, हे मला कळलं नाही. एकदा माझ्याच टोपलीचा काठ सुटला. तिनं पलीकडच्या बाईशी गप्पा मारता मारता ती माझ्या मांडीवरून उचलली, न बघता काठ बांधला आणि परत ठेवली. मी म्हटलं, "वा! छान!" पस्तीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडणारी बाई मी, पण डोक्यात काही शिरलं नाही.

उलट मी निदान केलं, की हिला आत्मविश्वास नाही. मग व्याख्यान दिलं. "तुले सगळं जमते. मनातली भीती काढ फक्त." घरात शिरलेल्या शेळीकडे पाहावं तसं तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो बाई."

तिसऱ्या परीक्षेच्या दिवशी ती कुलूप पाहायला गेली होती. तिची टोपली काठाशिवाय पडलेली. मी इकडेतिकडे पाहिलं, बसले आणि काठ बांधून टाकला. ती परत आली तेव्हा परीक्षकांनी टोपली उचललेली. त्यांना गडचिरोलीला जायची घाई होती.

"कोणाची ही?"

"हिची!" मी ओरडले आणि टाळ्याही सुरू केल्या. मास्तरांनी कपाळाला हात लावला.

"पास," म्हणत परीक्षकांनी लिहिलं आणि पुढे गेले.

ती माझ्याजवळ आली. "काठ तुनं बांधला?" इतके दिवस ती मला 'तुमी' म्हणायची.

"अवं, पास झाली तू!"

"मंग आता मी कुठी जाऊ?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी मास्तरांकडे धावले, काठ मी बांधला म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "मले मालूम हाय, बाई. पन त्याइनं लिहून नेलं." ऑफिसात गेले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि वाट पाहणाऱ्यांची यादी पुढे केली. यादीतली पहिली बाई बाहेर व्हरांड्यातच बसली होती, मांडीवर तान्हं, शेजारी गाठोडं. खोली रिकामी होतेय हे तिला कळलं होतं. मला पाहून ती हसली. मी अर्ज लिहायला कागद मागितला होता, तो तसाच परत केला.

मग शेडमध्ये माझ्या शेजारणीकडे गेले. "माझ्या घरी चल."

"तुमच्या घरी तुमचं कुलूप."

"तुले बी किल्ली देतो ना!"

"सुनेले विचारलं?"

विचारलं नव्हतं.

एक तारखेला तिनं पदराची गाठ दातांनी सोडली. किल्ली त्या तान्ह्याच्या आईच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "लावलं का एकडाव ओढून पाहाचं." माझ्याकडे न बघता गेली.

वर्षभरानं ती मला चामोर्शीच्या बाजारात दिसली. पुढ्यात सुपं आणि टोपल्या, सगळ्यांचे काठ सुरेख. मी समोर बसले.

"कुठी राहतं आता?"

तिनं हनुवटीनं मागच्या बंद दुकानाची ओसरी दाखवली. कामटी वळणारे हात थांबले नाहीत.

"चुकलं ना वं माझं?"

"चुकलं," ती म्हणाली. मग वर पाहिलं. "आन् काठ बी ढिलाच होता."

मला हसू फुटलं. तीही हसली, तोंडाला पदर लावून. नको असताना मी दोन टोपल्या घेतल्या. बाजार उठत आला होता, माझी एसटी लागली होती. तिनं उरलेला माल दुकानाच्या शटरला लावून रचला, पोतं अंथरलं आणि मालाला पाठ टेकून बसली. मला खिडकीची जागा मिळाली होती. गाडी वळेपर्यंत मी तिच्याकडे पाहत राहिले. मला दुसरं काही येत नव्हतं.