शिंगाच्या रंगातली सायकल

ह्यांनी पोरीची म्हणून ठिवलेली सायकल म्या माझ्या हातानं भंगाराच्या टेम्पोत चढवली.

आज ह्यांना जाऊन वरीस झालं. पावणे गेले, लेक मनी झोपलीया, म्हणून लिवते. सातवी शिकलेली हाय मी. चुकलं तर समजून घ्या.

पुण्याचे तुमी बरेच जण ह्यांना वळखता. रविवारी सायकली घेऊन पानशेतला येता, आमच्या दारात थांबून पाणी पिता. तुमच्यामुळंच ह्यांना ह्यो नाद लागला.

जुन्या रेसच्या सायकली. वाकड्या हँडलच्या, विलायती.

कुणी कंपनीतनं रिटायर होऊन गावी आला की संगं सायकल आणायचा. म्हातारा गेला की ती गोठ्यात. वेल्ह्यापासनं भोरपर्यंत ह्ये असले गोठे हुडकायचे. कधी खरी रेसची घावायची, बऱ्याचदा साधीच गळ्यात पडायची.

कारण वरनं कळतच न्हाई. आमच्याकडं बैलपोळ्याला शिंगं रंगवून रंग उरला की तो सायकलीला फासतात.

दरसाल. तांबडा, हिरवा, पिवळा. थरावर थर.

कंपनीचं नाव, नक्षी, सगळं खाली गाडलेलं. वाकडं हँडलबी कवाच बदलून साधं बसवलेलं.

ह्ये आधी एका हातानं उचलून बघायचे. मग दांडीवर नखानं टिचकी. मग पॅडलापाशी फ्रेमच्या बुडाला नाण्यानं खरवडायचे. तिथं नंबर ठोकलेला असतो, त्याच्यावरनं काय काय सांगायचे.

"ऐक. ही बोलती. आन् ती बघ, मुकी."

मला दोन्ही सारख्याच.

"मला न्हाई कळत अवो."

"कळंल. भाकरी करपाय लागली तर तुला चुलीकडं बघावं लागतं व्हय? वासानंच कळतं ना? तसंच."

न्हाई कळलं. एवढंच डोक्यात बसलं, की जितकं थर जास्ती तितकी सायकल जुनी.

मागच्या साली पोळा झाला आन् ह्यांना ताप आला. उतरंच ना. पुण्याला न्यायला गाडी बोलावली. आत बसल्यावर काच खाली करून म्हणाले,

"गोठ्यातली एक मनीची हाय. ती इकू नको. आल्यावर दावतो कुठली."

म्या म्हणलं, आधी बरं व्हा.

आलेच न्हाईत.

पावसाच्या आधी भाऊजी म्हणाले, वहिनी, गोठा रिकामा करावा लागंल, म्हशीला जागा न्हाई. माझे दीर वाईट न्हाईत. त्यांच्याच जिवावर आमी दोघी हाय. मी काय बोलणार?

एक दिवस थांबा म्हणलं.

मनीला कडेवर घेऊन गोठ्यात गेले. एकेक उचलली. टिचक्या मारून मारून नख दुखलं. एकबी बोलंना. नाण्यानं खरवडलं तर सगळ्यांनाच नंबर. मनी रडाय लागली. मग मीबी.

शेवटी एक हिरवी हाताला हलकी लागली. थरबी लई. म्हणलं हीच. घरात आणून ठिवली.

टेम्पो भरताना भाऊजींनी एका निळ्या सायकलीवर हात ठिवला. "वहिनी, ही?"

बघितलं तर रंग कोरा, चकचकीत. उचलून बघितली तर जड, मागं दुधाच्या किटल्यांचं लोखंडी कॅरियर. म्हणलं, ही कुठली जुनी.

"न्हाई भाऊजी, ती साधी हाय. जाऊ द्या."

आन् म्याच मागनं धरून वर सारली.

नंतर तुमच्यातल्याच एका दादांनी ती हिरवी बघितली. उचलून खाली ठिवली आन् हळूच म्हणाले, "ताई, हिला मडगार्ड नाही, कॅरियर नाही, स्टँड नाही. म्हणून हलकी लागते. सायकल साधीच आहे."

तरीबी मला वाटायचं, त्यांचं चुकलं असंल.

आज सकाळी ह्यांचा फोटो काढाय ट्रंक उघडली. तळाला मनीचं झबलं. मागच्या पोळ्याचं.

छातीवर निळी बोटं.

त्या दिशी मी रॉकेलनं तिचा हात पुसत ह्यांना बोलत व्हते, शिंगाचा रंग पोरीच्या हाताला लागू कसा देता म्हणून. ह्ये नुसते हसले.

"असू दे गं. तिचंच हाय ते."

पण आमच्या बैलांची शिंगं त्या साली तांबडी व्हती.

निळा रंग बैलाला लागलाच न्हाई.

लेकराला नजर लागू नये म्हणून तीट लावतात, तसा ह्यांनी त्या निळ्या सायकलीला रंग फासला व्हता. दुसऱ्या कुणा पारख्याचा डोळा जाऊ नये म्हणून. कॅरियरबी त्याच्यासाठीच ठिवलं असंल. मलाच वळखता आली न्हाई.

भाऊजी जेवायचं टाकून सारोळ्याला भंगारवाल्याकडं गेले. तो म्हणला, काय माल कापला, काय पुण्याची पोरं घेऊन गेली, निळी आठवत न्हाई. भाऊजी परत आले ते पाणीबी न पिता म्हशीकडं गेले.

मला लई भ्या वाटतं. मोठी झाल्यावर मनी इचारंल, माझ्या बापानं माझ्यासाठी काय ठिवलं? काय दावू? झबलं?

कुणाकडं असंल तर परत मागत न्हाई. तुमी चालवा. फकस्त सांगा, हाय का कापली. खालच्या दांडीला आतल्या अंगानं ओल्या रंगात मनीची बारकी बोटं उमटली असतील, बघा.

आन् रंग खरवडणार असाल तर आधी कळवा. मनीला घेऊन येते. एकदा हात लावंल.

तिचा हात आता त्या बोटांत बसायचा न्हाई. मोठा झालाय.

जमंल त्यांनी शेअर करा.

अवो, मला अजूनबी आवाज कळत न्हाई. आता मी हुडकते, तुमी निवांत रावा.

तुमच्या मनीचा आन् माझा नमस्कार.