कपाटामागची हाक

आमच्या ऑफिसात भूत आहे, ही बातमी मी पसरवली. त्याच्यासाठी नारळ फोडला तोही मीच. त्या नारळापायी एका भल्या मुलीची नोकरी जायची वेळ आली होती.

परळीतल्या एका खाजगी वीटकारखान्याच्या ऑफिसात मी हेडक्लार्क. आमच्या विटा मातीच्या नाहीत, औष्णिक वीजकेंद्राच्या राखेच्या. हेडक्लार्क म्हणजे साडेदहाला यायचं, चारला कुणाला न सांगता सटकायचं आणि मधल्या वेळात लोकांना गोष्टी सांगून कामापासून वाचवायचं, अशी माझी समजूत होती. राखेचं म्हणाल तर ती आमच्याकडं विकायलाही असते आणि फुकटही येते. खिडकी लावा, फटीत कापड कोंबा, ती येतेच. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं. म्हणून झाडणाऱ्या मावशी दिवसातून दोनदा फडकं फिरवतात. ज्या टेबलावरून फडकं फिरत नाही, ते चार-सहा दिवसांत असं दिसायला लागतं की तिथं बसणारा माणूस जाऊन वर्ष झालं असावं.

एकदा केजकडच्या एका लग्नाला गेलतो, तो चांगला आठवडा काढून परत आलो. बघतो तर हॉलच्या कोपऱ्यापुढं लोखंडी कपाट आडवं लावलेलं. त्या कोपऱ्यात आमची बिलं करणारी मुलगी बसायची. तिच्या नवऱ्याचं स्टँडमागं मोटरसायकलींचं गॅरेज. मला मामा म्हणायची, ईदला माझ्यासाठी वेगळ्या डब्यात शीरखुर्मा आणायची, आणि माझ्या गोष्टींवर एवढी हसायची की मालक केबिनमधून बघायचे.

"ती कुठाय?" मी हिशेबनिसाला विचारलं.

"रजेवर," तो वर न बघता म्हणाला.

"आन् हे कपाट?"

"कपाट कपाटाच्या जागी हाय. तुमी तिकडं ध्यान देऊ नका."

ध्यान देऊ नका म्हटलं की माझं दुसरीकडं ध्यान लागत नाही. जेवणाच्या सुट्टीत हॉल रिकामा होता तेव्हा मी कपाटाला वळसा घालून मागं डोकावलो. टेबलावर राखेचा जाड थर. खुर्ची गायब, तिच्या जागी नमुन्याच्या विटांची चळत. आणि त्या राखेत दोन पंजे उमटलेले. बोटं फाकलेली, तळवे खोल दाबलेले, जणू कुणीतरी सगळा भार देऊन तिथून उठलं होतं. टेबलाच्या कडेला मधोमध एक अर्धगोल तेवढा स्वच्छ पुसलेला. चंद्रकोरीएवढा रेखीव. मी बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिलो. असा आकार फडक्यानं होत नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टीतच पुन्हा बघितलं. कालचे पंजे नव्या राखेनं अर्धे बुजले होते. शेजारी ताजे दोन उमटले होते.

मी एकेकाला धरून विचारलं, "कपाटामागं कोण बसतं?" डिस्पॅचची दोन पोरं एकमेकांकडं बघून म्हणाली, "कोणी न्हाई." चहावाला म्हणाला, "कोणी न्हाई साहेब." त्याचाही सूर हुबेहूब तोच. भर दुपारी, पंखे चालू असताना, आठ-दहा माणसांनी एकाच सुरात 'कोणी न्हाई' म्हणणं हे फार वाईट असतं. मावशी मात्र हातातलं फडकं पिळत राहिल्या. त्यातलं पाणी संपलं तरी पिळतच राहिल्या.

एका सकाळी घरात भांडण झालं म्हणून मी चक्क वेळेवर आलो. जिन्यात असतानाच वरून हजेरीच्या मशीनचा आवाज आला. तुमच्याकडंही असेल, अंगठा लावायचं ते मशीन, त्यातली बाई 'थँक्यू' म्हणते. त्या दिवशी ती 'प्लीज ट्राय अगेन' म्हणत होती. थांबून पुन्हा, 'प्लीज ट्राय अगेन.' मग पुन्हा. मी धापा टाकत वर पोचलो तर मशीनसमोर कुणी नव्हतं. सगळे आपापल्या टेबलावर माना घालून. काचेवर अंगठ्याचा ओला ठसा होता आणि माझ्या डोळ्यांदेखत तो कडेनं वाळत आत आत सरकत गेला.

"कुणाचा अंगठा लागंना रे?"

"कुणाचा न्हाई."

मग ती दुपार आली. वीज गेली होती. वीज करणाऱ्या गावात वीज जाते याचं आम्हाला आता काही वाटत नाही. बाकीचे खाली सावलीला गेले होते, मी डुलकी काढायला वर थांबलो होतो. पंखा हळूहळू थांबला, आणि त्या शांततेत कपाटामागून हाक आली.

"मामा."

तिचाच आवाज. रजेवर असलेल्या पोरीचा. पण बारीक, विहिरीच्या तळातून आल्यासारखा.

लहानपणापासून मला एवढं पक्कं शिकवलेलं की नुसत्या हाकेला ओ द्यायची नाही. पहिल्या हाकेला नाही, दुसऱ्याही नाही. माणूस असलं तर ते तिसऱ्यांदा हाक मारतं. भूत तिसऱ्यांदा मारत नाही. मी खुर्चीचा दांडा धरून उभा राहिलो. "मामा," दुसरी हाक आली. मी श्वास रोखून तिसरीची वाट बघत होतो. तिसरी आलीच नाही. विटेवर वीट घासल्यासारखं काहीतरी वाजलं आणि मग तेही थांबलं.

मी बाजारात गेलो, नारळ आणि लिंबं घेतली, परत आलो आणि डोळे मिटून कपाटाच्या पायाशी नारळ फोडला. पाणी वाहत वाहत कपाटाखाली गेलं. पलीकडून, कुणीतरी पाय उचलून वर घ्यावेत, तसा आवाज आला.

मी किती वेगानं जिना उतरलो हे विचारू नका.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला. संध्याकाळी टपरीवर मी त्या भुताला कूळ दिलं. म्हणालो, ऑफिसच्या जागी आधी चुन्याची भट्टी होती, तिथं एक पोटुशी मजूर बाई मेली, ती आता कोपऱ्यात बसून ओळखीच्या माणसांना हाका मारते. यातली भट्टी मी रचली, बाई मी रचली, आणि रात्री झोप मलाच लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांनी बोलावलं. मला वाटलं, झापणार. त्यांनी खुर्ची दिली. आजवर कधी दिली नव्हती.

"बरं झालं तुम्ही हे बाहेर काढलंत," ते म्हणाले. "ती बिलवाली पोरगी पोटुशी हाय. सहावा चालू हाय. अशा जाग्यावर तिनं परत येऊ नये. तिच्या घरी जाऊन सांगा, तुमच्या वयाचा मान ठेवतील. ह्या राजीनाम्यावर सही तेवढी घ्या. बाळंतपण होऊ द्या, मग बघू."

ती गरोदर आहे हे मला तेव्हा कळलं. सगळ्या ऑफिसला आधीच माहीत होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. मी मात्र मालकांचं मन किती मोठं, असं म्हणत तो कागद खिशात घालून निघालो.

घरी तिच्या सासूबाई, अम्मा, एकट्याच होत्या, तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी माझ्याकडची सगळी कथा लावली. राख, पंजे, अर्धा चंद्र, मशीनमधली बाई, हाका. अम्मा छातीवर हात ठेवून काहीतरी पुटपुटल्या. मला चेव आला. भट्टीवाली बाईही सांगितली.

"या अल्ला," अम्मा म्हणाल्या, "आन् माझी सून तितंच गेली की रं आज!"

"कुठं?"

"हापिसात. आजून कुठं?"

"अम्मा, ती रजेवर आहे. महिना होत आला."

अम्मांचा तांदळातला हात थांबला. "रजेवर? भाऊ, रोज सकाळी माझ्या हातचा डबा घेऊन जाती ती. संध्याकाळी रिकामा आणती."

बाहेर गॅरेजमध्ये कुणीतरी हातोडा मारत होतं, तोही नेमका तेव्हाच थांबला. ही रोज घरून निघते आणि ऑफिसात पोचत नाही, तर जाते कुठं, हे अम्मांच्या तोंडावर दिसत होतं. माझ्या डोक्यात दुसरंच. ही ऑफिसात नसते, तर तिच्या आवाजात हाक मारतं ते कोण?

अम्मांनी सूप बाजूला ठेवलं, बुरखा चढवला, रिक्षा थांबवली. "चला, दाखवा तुमचं भूत."

हॉलमध्ये शिरताच सगळ्यांच्या माना खाली गेल्या. अम्मा सरळ कपाटामागं गेल्या. मी त्यांच्या पाठीआडून बघितलं.

ती विटांच्या चळतीवर बसली होती. खुर्ची नाही, चहा नाही, डोक्यावरची ट्यूबही काढून नेलेली. समोर राखेनं माखलेलं टेबल. सासूला बघून ती दचकली आणि दोन्ही पंजे राखेत टेकून, सगळा भार त्यांच्यावर देऊन उठली. उठताना तिचं पोट टेबलाच्या कडेला घासलं. अर्धगोल आणखी स्वच्छ झाला.

भूत दिसलं असतं तरी माझ्या पाठीवर एवढा काटा आला नसता.

"मावशे," अम्मांनी मोठ्यानं विचारलं, "हे टेबल कावून पुसत न्हाईस गं?"

मावशींनी फडकं खांद्यावर टाकलं. "मालकाचा हुकूम हाय. हिनं बाळंतपणाची रजा मागितल्या दिसापासून हिच्याशी कुणी बोलायचं न्हाई, काम द्यायचं न्हाई, च्या द्यायचा न्हाई, पुसायचं न्हाई. आपसूक जाईल म्हणत्यात. मशीनमदला अंगठाबी काढलाय तिचा. डबाबी सुट्टीत मागल्या जिन्यानं गच्चीवर जाऊन खाती." मग जरा थांबून, "माझ्या हाताला रोज सवय व्हती वो. रोज तिथवर जाऊन माघारी यायची मी."

ती मुलगी माझ्याकडं बघत होती, रागानं नव्हे.

"घरी कावून बोलली न्हाईस?" अम्मांनी विचारलं.

"सांगितलं असतं तर तुमी घरी बस म्हणला असता, अम्मी. मी यायची थांबले की त्यांना तेच पायजे होतं." मग माझ्याकडं वळून, "मला वाटलं, मामालाबी सांगितलं आसंल. काल चक्कर आलती, पाणी मागत होते. तुमी ओ दिली न्हाई. मग नारळ फुटला. म्हटलं, मामाबी त्यातलेच."

मी खिशातला राजीनामा काढून पुढं धरला. का, ते आजही सांगता येत नाही. अम्मांनी तो माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि पिशवीत टाकला. "ऱ्हाऊ द्या माझ्याकडं. कामाला येईल."

आला. तिनं तक्रार केल्यावर बीडला कामगार अधिकाऱ्यांपुढं मालकांचे वकील म्हणाले की बाई कामावर येतच नव्हती, आपणहून सोडून गेली. अम्मांनी तो बिनसहीचा राजीनामा टेबलावर ठेवला आणि विचारलं, आपणहून गेली तर हा घरी कशाला धाडला? तिनं मोबाइल पुढं केला. रोज सकाळी मशीनला अंगठा लावतानाचं तिनं स्वतःचं चित्रण करून ठेवलं होतं, आणि प्रत्येकात ती मशीनमधली बाई 'प्लीज ट्राय अगेन' म्हणत होती. बंद खोलीत एकामागून एक ते ऐकताना वकीलही खुर्चीत सरकले. माझा जबाब झाला. मी सगळं सांगितलं, नारळासकट. साहेब लिहिताना दोनदा थांबले, पण हसले नाहीत. मालकांना ते म्हणाले, "गरोदर आहे म्हणून बाईला काढता येत नाही. काढलं नाही, नुसती नाहीशी केली, म्हणजे तेच केलं." मालकांना तिथंच लेखी द्यावं लागलं. हजेरी धरली जाईल, अंगठा परत चढेल, खुर्ची परत येईल, आणि सव्वीस आठवड्यांची पगारी रजा.

कागदांवर सह्या झाल्या. साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. "एक सांगा, इतके दिवस एकाच हॉलमध्ये होतात. तुम्हाला ही एकदाही दिसली नाही?"

मी तोंड उघडलं, पण अम्मा माझ्याआधी बोलल्या.

"त्यांना काय इचारता सायब! त्यांना जित्ती बाई दिसत न्हाई. मेलेली बरुब्बर दिसती."