लोणी येईपर्यंत

गेल्या वैशाखात मी आठ दिवस कॉम्प्युटर होते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. आलेला फोन उचलता येतो, लावायला अजून सूनबाई लागते. तरी ते आठ दिवस ती सांगेल तसं मी मुकाट्यानं केलं, कारण त्यात माझा स्वार्थ होता.

सूनबाई कॉलेजात कॉम्प्युटरच शिकली. लग्न होऊन आमच्या गावात, आंबवड्याच्या पलीकडे आली आणि दीड वर्षं भाकरी थापत राहिली. मग भोरच्या एका क्लासमध्ये शिकवायला माणूस हवं असल्याचं कळलं. तिथले सर तिला म्हणाले, रविवारी एक तास शिकवून दाखवा. ज्यांनी कॉम्प्युटरला हातसुद्धा लावलेला नाही अशांना प्रोग्रामिंग म्हणजे काय ते समजलं पाहिजे, मग बघू. काम लागलं तर मुलगा-सून घरीच राहणार होते. नाही लागलं तर पुण्यात खोली बघायची, असं दोघांचं ठरलेलं. मी ते भिंतीआडून ऐकलं होतं आणि गप्प राहिले होते. मी तशीही फार बोलत नाही. माझ्या लग्नात उखाणा घ्यायला सांगितला तेव्हा तोंडावर घेतलेला पदर मी पंगत उठेपर्यंत काढला नव्हता.

हातसुद्धा न लावलेलं माणूस शोधायला सूनबाईला लांब जावं लागलं नाही.

पहिल्या दिवशी ती वहीतून वाचू लागली. व्हेरिएबल म्हणजे अमुक, लूप म्हणजे तमुक. पाच मिनिटांत आमचे मालक घोरायला लागले.

"बाबा झोपले," ती म्हणाली.

"ते भजनातबी झोपत्यात. तू मनाला लावून घिऊ नगंस."

दुसऱ्या दिवशी तिनं वही बाजूला ठेवली आणि फळीवरचे डबे दाखवले. "आई, व्हेरिएबल म्हणजे डबा. वर नाव, आत वस्तू. आतली वस्तू बदलली तरी नाव तेच राहतं."

हे मला लगेच पटलं. "म्हंजे आपल्या साखरेच्या डब्यात मीठ असतंय तसं?"

ती उठून डबा उघडून बघून आली. "आई, नाव एक आणि आत भलतंच असलं तर प्रोग्राम चुकेल."

"आमचा पस्तीस वर्सं चाललाय."

"म्हणून परवाचा चहा तसा लागला व्हय," मालक पडल्या पडल्या म्हणाले. झोपले नव्हते तर.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आता तुम्ही कॉम्प्युटर. मी सांगेन तेवढंच करायचं. स्वतःचं डोकं चालवायचं नाही."

"लगीन झाल्यापास्नं तेच करतीया," मी म्हणाले. मालकांनी कूस बदलली.

"पाणी आणा," तिनं हुकूम सोडला. मी तांब्याभांडं आणलं आणि सोबत गुळाचा खडा.

"आई, गूळ कुठं सांगितला होता?"

"उन्हातनं आलीस. नुसतं पाणी देत न्हाईत."

"कॉम्प्युटर देतो!"

दोन दिवस हेच चाललं. झाडा म्हणाली तर मी झाडून शिंपडूनही घ्यायची. ताट ठेवा म्हणाली तर लोणचं वाढायची. शेवटी ती हिरमुसली. "तुम्हाला न सांगितलेलंच आधी कळतं. मी लोकांना कॉम्प्युटर दाखवू कसा?"

तिचा चेहरा बघवेना, म्हणून मी तिला ताकाची गोष्ट सांगितली.

मी वेल्ह्याकडून या घरात आले तेव्हाची. असाच वैशाख होता. सासूबाईंनी रवीची दोरी माझ्या हातात दिली. "घुसळीत ऱ्हा. म्या सांगस्तोवर थांबू नगंस." आणि त्या शेजारी गेल्या. शेजारी त्या दिवशी कुणाचीतरी सोयरीक मोडली होती, त्यामुळे बोलणं लांबलं. इकडे लोणी आलं. मला दिसत होतं. माहेरी मी कितीदा काढलं होतं. पण नव्या घरात आपल्या मनानं थांबायचं कसं? मी घुसळत राहिले. उकाड्यानं लोण्याचा गोळा सैल झाला, पातळ झाला आणि पुन्हा ताकात मिसळून गेला. सासूबाई आल्या, डेऱ्यात डोकावल्या. "अगं बया, लोणी कुठं गेलं?" त्यापुढे कैक वर्षं त्या आल्यागेल्याला सांगायच्या, "आमची सून लई गुणाची. बंद करायची इसरलं की गिरणीवानी चालूच."

सूनबाईनं टाळीच वाजवली. "आई, तेव्हा तुम्ही अगदी खऱ्या कॉम्प्युटर होता! हाच लूप. तेच काम पुन्हा पुन्हा, फक्त थांबायची खूण चुकीची. 'मी सांगेपर्यंत' ऐवजी आजी 'लोणी येईपर्यंत' म्हणाल्या असत्या तर?"

"तर लोणी वाचलं असतं. आणि त्यास्नी इतकी वर्सं बोलायला काय उरलं नसतं."

"रविवारी तुम्ही माझ्याबरोबर चला. तशाच व्हा, नव्या नवरीसारख्या."

"म्या धा मानसांत बोलायची न्हाई."

"कॉम्प्युटर बोलत नाही, आई."



रविवारी एसटीत तिनं माझी परीक्षा घेतली. "काम लागलं तर?"

"पेढं घ्यायचं."

"नाहीतर?"

"गपचिप गाडीत बसायचं."

"बरोबर. याला जर-तर म्हणतात. प्रोग्राम याच्यावरच चालतो." ती हसली, पण लगेच पुन्हा वही उघडून बसली.

क्लास स्टँडजवळच, एका दुकानाच्या माडीवर. दहा-बारा जण बसलेले. पुढं दहावी झालेल्या दोन मुली, त्यांच्यामागं भोरातली एक बुरखेवाली शिवणकाम करणारी बाई. सर मागं खुर्चीवर. सूनबाईनं सुरुवात केली आणि तिसऱ्या वाक्याला तिचा आवाज बारीक झाला. सगळे तिच्याकडे एसटीची वाट बघावी तसे बघत होते. मग तिनं माझ्याकडे बघितलं.

"हा आपला कॉम्प्युटर. याला फळा पुसायला लावा."

मी उठले. डस्टर घेऊन फळ्यापाशी उभी राहिले.

"फळा पुसा," पहिली मुलगी म्हणाली. मी फळ्याच्या मधोमध एक हात फिरवला आणि थांबले. कुणीतरी हसलं.

"डावीकडून उजवीकडं पुसा. मग खाली या." मी तसं केलं. एक पट्टा पुसला, खाली आले, थांबले.

"असंच करत राहा ना, मावशी!" दुसरी ओरडली.

मग मी करत राहिले. फळा संपला तरी खाली येत राहिले. भिंत पुसली, भिंतीच्या कडेचं टेबल पुसलं, जमिनीवर बसून फरशी पुसायला लागले. हसण्यानं खोली भरून गेली. सूनबाईचा आवाज परत आला होता. "काय चुकलं?"

शिवणकामवाली म्हणाली, "थांबायचं कधी ते सांगितलंच नाही."

"मग काय सांगाल?"

"फळा स्वच्छ होईपर्यंत."

"स्वच्छ म्हणजे काय, हे कॉम्प्युटरला कळतं?"

तिनं थोडा विचार केला. "फळ्यावर पांढरं दिसतंय तोवर पुसा. दिसायचं थांबलं की बंद."

सूनबाई खुलली. तिनं तिथंच माझ्या ताकाची गोष्ट साऱ्यांना तिखटमीठ लावून सांगितली. मी फरशीवर बसून लाजेनं लाल. आणि मला बोलायची परवानगीही नव्हती.

तास संपल्यावर सरांनी तिला आत बोलावलं. मी बाहेर बाकावर बसले. खिडकीतून आमची गाडी निघून जाताना दिसली. मग ती बाहेर आली. चेहऱ्यावर काही नाही. जिना उतरली. मी मागं. खाली डावीकडे स्टँड, उजवीकडे मिठाईचं दुकान. ती डावीकडे वळली. पुण्यातली खोली, रिकामी पडवी, सगळं दिसलं. चार पावलं गेली आणि गर्रकन मागं फिरून दुकानाकडे चालू लागली. हसू तिच्या पाठीवरूनसुद्धा दिसत होतं.

"असलं कुठं शिकलीस गं?" मी म्हणाले.

"तुमच्या घरात."

पुढची गाडी दोन तासांनी होती. स्टँडवर बसून तिनं खोका माझ्यापुढं धरला. "खा, आई."

घरी पोचलो तेव्हा मालकांनी खोका उघडला. आत तीन पेढे.

"पाव किलोत येवढंच येत्यात व्हय?"

"खा म्हनली ती," मी सांगितलं. "थांबायचं कधी, ते सांगितलंच न्हाई."