शेजाऱ्याची ताटली

फोन आला तेव्हा मी बागेत कलमांना खत घालत होतो. माईच्या शाळेतल्या शिक्षिकेचा फोन होता. "बाई वर्गातच कोसळल्या…" एवढंच ऐकू आलं, पुढचं कानावर पडूनही कळलं नाही. माई माझी थोरली बहीण, आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवणारी. तिला जाऊन दीड महिना होत आला. लोक म्हणतात, राग हळूहळू ओसरतो. माझा ओसरलेला नाही, आणि तो ओसरावा अशी माझी इच्छाही नाही.

रत्नागिरीजवळच्या एका गावात ती शिकवत होती, तेव्हा तिसरीत सानिका नावाची मुलगी होती. बाप मुंबईला, पोरगी आत्याकडे. बोलताना अडखळायची. मुलं तिची नक्कल करायची आणि दुपारी तिच्या खिचडीत तांबडी माती टाकायची. ती मुकाट्याने ताटली नळावर रिकामी करून उपाशीच वर्गात येऊन बसायची. शाळेत जायचं म्हटलं की तिच्या पोटात दुखायला लागे. मुख्याध्यापक म्हणाले, लहान मुलं आहेत, चालायचंच. हा 'चालायचंच' आपल्याकडे फार सोयीचा शब्द आहे.

माईने छडी उगारली नाही की भाषण दिलं नाही. लग्नातली, मागे नाव कोरलेली आपली स्टीलची ताटली घेऊन ती पंगतीत सानिकाशेजारी जेवायला बसू लागली. माती टाकणारे सगळ्यांना ठाऊक होते. तिचा रोख होता गंमत बघणाऱ्यांवर. "तू शेजारी बसला होतास ना? मग गप्प का राहिलास?" एवढंच विचारायची. मग तिने नियम केला, जेवणानंतर प्रत्येकाने शेजाऱ्याची ताटली धुवायची आणि शेजारी रोज बदलायचा. तिची ताटली एखादं पोर धुवायचं, आणि ती त्या पोराची. मी तिला हसलो होतो. "अगं माई, यानं काय होणार?" ती म्हणाली, "अरे, जी ताटली आपल्यालाच घासायची, तिच्यात माती कोण टाकेल?" माती खरंच थांबली. सानिकाने वर्गात उभं राहून, अडखळत का होईना, धडा वाचला. कुणी हसलं नाही. हे सांगायला माईने मला मुद्दाम फोन केला होता.

माती टाकणाऱ्यांचा म्होरक्या होता शाळा समितीच्या अध्यक्षांचा मुलगा. अध्यक्ष तणतणत आले. "आमच्या पोराला कुणाचाही उष्टा काढायला लावताय, बाई? घरात तो स्वतःचा ताट उचलत नाय." माई म्हणाली, "तेच तर शिकवत्ये." त्या 'कुणाचाही'चा अर्थ गावात कुणाला समजावून सांगावा लागला नाही. तक्रार वर गेली आणि माईची बदली झाली, थेट देवरूखच्या पलीकडे, डोंगरातल्या शाळेत. गुडघे धरलेल्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या बाईने रोज दोन एसट्या बदलायच्या. इकडे नियम बंद पडला, माती पुन्हा सुरू झाली, आणि दिवाळीनंतर सानिका शाळेत परत आलीच नाही. बापाकडे गेली म्हणतात… तिथल्या शाळेत नाव घातलं की नाही, कुणाला माहीत नाही. हे कळलं तेव्हा माईने मला फोन केला. म्हणाली, "तिच्या शेजारी आता कोण बसत असेल रे?"

सानिकाच्या त्याच जुन्या शाळेत माईची शोकसभा झाली. अध्यक्ष माझ्या शेजारच्या खुर्चीत. उठून म्हणाले, बाईंनी आमच्या मुलांना वळण लावलं. फोटोपुढे फुलं ठेवलेली ताटली माईचीच होती, बदलीच्या घाईत तिथेच राहिलेली. सभा संपल्यावर चहा आला. अध्यक्षांनी तो पिऊन उष्टा कप फुलांवरच ठेवला. मी म्हटलं, "अध्यक्ष, शेजारी तुम्ही बसला होतात. ही ताटली तुम्ही धुवायची." त्यांना तो विनोद वाटला असावा. हसले आणि शिपायाला हाक मारली. मी कप बाजूला काढला आणि ताटली तशीच पिशवीत घालून घरी आणली.

ती अजून ओट्यावर आहे. चहाचा डाग वाळलाय, झेंडूची पाकळी चिकटलीय. बायको घासायला नेते आणि मी परत आणून ठेवतो. माई असती तर म्हणाली असती, "अरे, शेजारी तूही बसला होतास ना? मग धू की." तिचं बरोबरच आहे. पण त्या माणसाचं उष्टं काढायला माझा हात होत नाही.