तीन खुर्च्यांची मावशी

कोपऱ्यावरच्या पार्लरात मावशी एका वेळी तीन डोकी रंगवायची. एकीला रंग लावायचा, दुसरीचा धुवायचा, तिसरीचा मुरत ठेवायचा. घड्याळाकडे म्हणून बघायची नाही. तिची युक्ती फक्त आपल्यासारख्या चहाटळांनाच ठाऊक. गिऱ्हाइकाची गोष्ट ऐन रंगात आली की ती तोडायची. "थांब, सासरा कपाटात काय शोधत होता ते मी आल्यावर सांग," म्हणत पुढच्या खुर्चीकडे. मग तो अर्धवट सासरा तिच्या डोक्यात असा वळवळायचा, की वेळेवर परतल्याशिवाय तिला चैन पडायची नाही.

घात केला हेडबाईंनी. शाळेची सवय; बहिणीचं मोडलेलं लग्न त्यांनी सुरुवातीपासून तात्पर्यापर्यंत एका दमात सांगून टाकलं. गोष्ट संपली आणि मावशीच्या डोक्यातून हेडबाईही गेल्या. रंग धुतला तेव्हा केस वांग्यासारखे जांभळे.

शेजारच्या एकाच खुर्चीवर भुवया कोरणारी तिची सून अशी संधी सोडते होय? "आई, आता एकच खुर्ची. नाहीतर गल्ल्यावर बसा. वय झालं की डोक्यात एवढं मावत नाही."

"तरुणपणीही तीनच मावायची. चौथी मी कधी घेतली का?" मावशी म्हणाली. "खुर्ची हलवून तर बघ."

हेडबाई रंग सुधारायला आल्या, तेव्हा सुनेने आरशापुढे गजराचं घड्याळ ठेवलं. "हे वाजायच्या आत आठवणीने परतलात, तर तिन्ही खुर्च्या तुमच्या."

मावशीने हेडबाईंना मुद्दाम मधे बसवलं. रंग लावता लावता त्या सुरू झाल्या, "त्या मोडलेल्या लग्नातला नवरदेव काल आमच्या दारात..."

"बास." मावशीने कंगवा आडवा धरला.

"अहो, एकच वाक्य राहिलंय."

"तेच गिळा. मागच्या खेपेला सगळं सांगितलंत, म्हणून वांगं झालं."

डावीकडचं डोकं धुतलं, उजवीकडच्या बाईची नणंदेची गोष्ट भर भांडणात थांबवली, आणि मावशी मधल्या खुर्चीशी हजर. "हं. दारात, मग?"

"हातात सुटकेस. म्हणाला, लग्न मोडलं, पण मी तुमच्याचकडे राहणार."

गजर वाजला. वाजतच राहिला. सून दोरा हातात धरून, तोंड उघडं टाकून हेडबाईंपुढे उभी.

"ते बंद कर," नळ सोडत मावशी म्हणाली, "आणि तुझ्याकडे एकच खुर्ची होती ना गं? त्या बाईची दुसरी भुवई कधी करणार आहेस?"