तीन पायांची हरणी

मी बंदूक कधी हातात धरलेली नाही, आमच्या घरी अंडंही शिजत नाही. तरी कोणत्या हत्याराने जीव घ्यावा यावर लिहायला बसलो आहे. वाचणाऱ्यांनी माफ करावं. पण मला तेव्हा विचारलं गेलं होतं, आणि मी उत्तर दिलं होतं.

नेदरलँड्समधल्या नायमेखनला मी प्राणिशास्त्र शिकतो. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे कुणी मत विचारलं की आधी मागे वळून बघतो, दुसऱ्याला तर विचारलं नाही ना. शनिवारी सायकलने शेजारच्या गावात जायचो. तिथे घरांच्या मधोमध कुंपण घातलेलं कुरण आहे. त्यात चौदा हरणं, आणि त्यांची देखभाल करणारे निवृत्त स्वयंसेवक.

एका हरणीचा मागचा पाय मोडून वाकडा जुळला होता. फेब्रुवारीत तो सुजला. पशुवैद्य बाई दोनदा आल्या. भुलीचा डार्ट मारायला गेल्या की ती तीन पायांवर पळायची, कुंपणाला धडकायची. शेवटी ठरलं, तिला दुरूनच आणि एका क्षणात मारायचं. कशाने, यावर एकमत होईना. बहुतेकांचं म्हणणं, परवाना असलेला शिकारी बोलवावा, रायफलने. त्यांच्यातल्या एका आजोबांनी मात्र क्रॉसबो, म्हणजे चाप ओढून बाण सोडायचं धनुष्य, सुचवलं. सगळे त्यांना नावाने हाक मारत. मला ते जमत नसे, मी वाक्य फिरवून बोलायचो.

"आवाज होत नाही," एवढंच कारण त्यांनी दिलं.

मला ते खटकलं. आवाज नको म्हणजे कुणापासून लपवायचंय? त्यांच्या शेडमध्ये गवताच्या गठ्ठ्यावर लावलेला कागद मी पाहिला होता, मधोमध भोकं पडलेला. इतकी वर्षं गठ्ठ्यावर चालवलेल्या क्रॉसबोला एकदा खरं जनावर मिळावं, असं तर नसेल? मांसाचं काय करणार, हेही पहिल्यांदा त्यांनीच विचारलं होतं. पाय कसा मोडला म्हणून विचारलं, तर "कुंपण" म्हणाले आणि बादली उचलून निघून गेले.

स्वयंसेवकांच्या समितीने मला एक पान लिहून आणायला सांगितलं. शिकतोयस, तुला कळेल, म्हणाले. मी वाचलं, प्राध्यापकांना विचारलं. गोळी नेमकी मेंदूत लागली तर जनावराला कळायच्या आत सगळं संपतं. बाण रक्तस्रावाने मारतो. तेवढ्या वेळात हरीण पळतं. शिवाय क्रॉसबोने जनावर मारायला इथे परवानगीच नाही. हे सगळं लिहिलं आणि शेवटी, शाळेपासून अर्जात लिहीत आलो तसं, लिहिलं: तरी आपण योग्य तो निर्णय घ्यावा, ही विनंती.

बैठकीत चिटणीस बाईंनी पान वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या की यात मत कुठे आहे? मी नम्रपणे लिहिलं होतं. त्यांना वाटलं, मी सांगितलेलं मागे घेतलं. आजोबा हसले. पोरगा सभ्य आहे, म्हणजे माझ्याच बाजूचा, म्हणाले. ती चेष्टा असेल, मला डाव वाटला. पहिल्यांदाच मी त्यांच्याकडे बघून बोललो.

"रायफल. बाण लागल्यावर ती पळेल."

ते म्हणाले, "एकतीस डिसेंबरला तू इथे नव्हतास. फटाके सुरू झाले आणि चौदाही हरणं कुंपणावर जाऊन आदळली. मी फाटकाशी होतो. आता आणखी एक धडाका ऐकवू त्यांना?"

मला लाज वाटली. तरी ती कागदावरची भोकं डोळ्यांसमोरून हलेनात. मी विनंतीचं वाक्य खोडलं आणि तिथे लिहिलं: रायफलच, पण आधी बाकीच्या तेरांना पलीकडच्या गोठ्यात बंद करून. हात वर झाले. आजोबांचा झाला नाही.

पुढचे दोन शनिवार मी गेलो नाही. परीक्षा होती, पण तेवढंच कारण नव्हतं. त्यांनी ऐनवेळी स्वतःचंच काही केलं तर, हा विचार पाठ सोडत नव्हता.

शेवटी चिटणीस बाईंचा मेसेज आला. डचमध्ये होता, मी सावकाश वाचला. सकाळी नऊला, एकच गोळी. हरणीपुढे सफरचंदाच्या फोडी टाकल्या होत्या. तोंडात फोड असतानाच ती पडली. फोडी आजोबांनी चिरल्या होत्या. गोळी सुटली तेव्हा ते गोठ्यात, तेरा हरणांबरोबर होते, दार आतून धरून.