फुलांची पट्टी आणि अकरा ओळी

चंद्रपुरातल्या एका मासिकात मी पानं लावायची. दोन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि पेजमेकर हे पानं लावायचं सॉफ्टवेअर शिकलेली मी एकटी. टेबलावर माझी वही असायची. पानाचा आकार, समास, कॉलम किती, दोन कॉलममधली मोकळी जागा किती, जाहिरात कुठे, सगळं वहीत लिहून झाल्याशिवाय मी माऊसला हात लावत नसे. संपादक हसायचे. "बाई, पान लावून राह्यल्या का लग्नाची यादी करून राह्यल्या?" मी म्हणायची, "भाऊ, लग्नात भाजी कमी पडली तर लोक वहीले नाई विचारत, आपल्यालेच विचारतात."

कार्यालयात कापण्याचा नियम एकच होता. मजकूर जास्त झाला की शेवटून कापायचा. संपादकांचं म्हणणं असं की लेखकाला सांगायचं ते तो सुरुवातीलाच सांगतो आणि शेवटी फक्त पसारा उरतो. बातम्यांपुरतं ते खरंही होतं.

मग एका अंकासाठी मूल तालुक्यातल्या एका गावच्या म्हाताऱ्या मासेमार बाईचं मनोगत आलं. तिला लिहिता येत नव्हतं. तिथल्या शाळेच्या गुरुजींनी तिचं बोलणं जसंच्या तसं उतरवून पाठवलं होतं. ते मीच टाईप केलं. तीन कॉलमचं पान होतं, वरच्या दोन कॉलमवर तलावाचा फोटो आणि खाली राईस मिलची जाहिरात. मजकूर ओतला तर शेवटच्या कॉलमखाली लाल त्रिकोण दिसला. पेजमेकरमध्ये त्याचा अर्थ एवढाच की आत अजून मजकूर आहे आणि त्याला जागा नाही. मोजलं, तर अकरा ओळी बाहेर राहिल्या होत्या.

"कापा शेवटून," संपादक म्हणाले.

त्या अकरा ओळी मी टाईप केल्या होत्या, म्हणून मला माहीत होत्या. आमच्याकडे गावात कोणी कामाचं बोलायला आलं की आधी पाणी पितं. मग पाऊस, धान, गाय व्याली का, लेक सासरी कशी आहे. ज्या कामासाठी तो चार कोस चालत आला ते उठताना, दाराच्या चौकटीला हात लावून सांगतो. त्या बाईनेही तसंच सांगितलं होतं. दीड कॉलम लहानपणीचा तलाव, माशांच्या जाती, जाळं विणणारा नवरा. आणि अगदी शेवटी: "हे तलावाची पाळ आमच्याच बापदाद्यानं बांधली. आता ठेका बाहेरच्याले गेला आन आमचंच जाळं टाकाले आमाले मनाई हाये. कोणी वाचत असन तर सांगा, आमी काय खाचं?"

एवढं कापलं असतं तर पानावर एका म्हातारीच्या गोड आठवणी राहिल्या असत्या.

"भाऊ, शेवटून नाई कापत," मी म्हटलं.

"काऊन?"

"बाई बोलली ते शेवटीच बोलली."

"मग अक्षर बारीक करा."

तेही नाही म्हटलं. माझे अब्बा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अक्षरांना जागा कमी पडली की कुंचला धुवून सांगायचे, "फूल मिटाओ, हर्फ छोटा मत करो. पाटी लांबून वाचायची असते." आमचं मासिक पारावरच्या उजेडात, चष्मा कानाला दोऱ्याने बांधून वाचणारी माणसं होती. त्यांच्यासाठी बारीक अक्षर आणि कापलेलं अक्षर सारखंच.

मी वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली. पानाच्या माथ्यावर फुलांची पट्टी होती, ती काढली की प्रत्येक कॉलमला दोन ओळी, म्हणजे सहा. फोटोत निम्मं आभाळ होतं, त्यातलं थोडं छाटलं की फोटोखालच्या दोन कॉलमला दोन-दोन, म्हणजे चार. अकरावी ओळ एका परिच्छेदाच्या शेवटी एकटाच पडलेल्या शब्दाची. शब्दांमधलं अंतर किंचित आवळलं की तो वरच्या ओळीत बसतो.

संपादक फुलांच्या पट्टीवर अडले. ती त्यांनी स्वतः निवडली होती, पहिल्या अंकापासून प्रत्येक पानावर होती. "ते आपल्या मासिकाची ओळख हाये. लोक विचारतीन."

"विचारू द्या. फुलं कुठी गेली विचारणाऱ्याले मी सांगीन. बाईच्या ओळी कुठी गेल्या ते कोणी विचारणारच नाई, कारण त्या होत्या हेच कोणाले माहीत नाई."

मी तसं पान लावून प्रूफ काढलं. त्यांनी ते माझ्याकडेच सरकवलं. "मग सही तुमची. मी नाई करत. उद्या कोणी बोललं तर तुमच्याच नावानं बोलन."

प्रूफवर पान लावणाऱ्याने सही करायची पद्धत नव्हती. मी केली, आणि स्पष्ट, वाचता येईल अशी केली. पडद्यावरचा लाल त्रिकोण गेला होता. शेवटच्या ओळीखाली त्याच्या जागची छोटी चौकट रिकामी दिसत होती, म्हणजे आता आत काहीच बाकी नव्हतं.

अंक निघाला. दोघा-तिघांनी फुलांबद्दल विचारलं, तेव्हा संपादकांनी माझ्या टेबलाकडे बोट दाखवलं. मी सांगितलं.

आठवड्याभराने ती बाई स्वतः आली, मूलच्या बसने. अंक पदरात गुंडाळलेला. पाणी प्याली. माझी लेकरं किती, नवरा काय करतो, सगळं विचारून झालं. मग उठली आणि दाराशी थांबली.

"पोरी, वाच मले."

मी वरून सुरुवात केली तशी तिने हात हलवला. "ते मले माहीत हाये. शेवटचं वाच."

मी वाचलं. तिने ओळीवर बोट ठेवलं. "इथीच संपते ना? पुढचं काई ठेवलं तर नाई ना तुमी?"

"नाई बाई. सगळं आलं."

तिने अंक परत गुंडाळला आणि बस चुकेल म्हणून गेली. संपादक पलीकडच्या टेबलावर ऐकत होते.

पुढच्या अंकाच्या वेळी त्यांनी पट्टी परत लावायला सांगितली. मी लावली. पण वहीत, पानाच्या आकाराच्याही वर, एक ओळ लिहून ठेवली होती: आधी मजकूर संपेल, मग फुलं. जागा उरली त्या पानांवर फुलं आली. बाकीच्या पानांवर नाही. त्या पानांच्या प्रुफांवर सही माझी.